पाणी तपासणी प्रयोगशाळेची जबाबदारी नव्याने घेताना
आपण जिल्हा प्रयोगशाळेचा कार्यभार स्वीकारत आहात, तेव्हा उपकरणांच्या आधी नमुन्याकडे लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. क्लोरीनयुक्त पाण्याच्या जीवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलेच पाहिजे. ते नसेल तर उरलेला क्लोरीन वाटेतही जीवाणू मारत राहतो आणि दूषित पाणी अहवालात निर्दोष ठरते. नमुना बर्फाच्या पेटीतून आणावा आणि २४ तासांच्या आत तपासणीस लावावा. उर्वरित क्लोरीन मात्र नळावरच मोजावा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणू मुळीच आढळता कामा नये. आढळल्यास छापील अहवालाची वाट न पाहता ग्रामपंचायतीला तत्काळ दूरध्वनी करावा. पावसाळ्यात नमुन्यांची गर्दी झाली, तरी दुबार चाचणी वगळू देऊ नये.