अचूक वर्तुळ काढलंस, तरी ‘ओ’ बुटका का दिसतो?

तू फॉन्टसाठी काढलेला इंग्रजी ‘ओ’ पाहिला. कंपासने काढावा तसा अचूक आहे, आणि म्हणूनच शेजारच्या ‘एच’पेक्षा बुटका दिसतोय. वर्तुळ वरच्या-खालच्या रेषेला जेमतेम टेकतं, डोळ्याला ते कमी पडतं. वर-खाली दोन्हीकडे उंचीच्या एक-दोन टक्के बाहेर जाऊ दे. आडव्या रेघाही उभ्यांपेक्षा किंचित बारीक ठेव. सारख्या ठेवल्यास तर आडवीच जाड वाटते. शेवटचा शब्द डोळ्याचा, आकड्यांचा नाही.

‘युरोस्टाइल’ हा फॉन्ट पडद्यावर मोठा करून बघ. आल्दो नोव्हारेझे यांनी तो १९६२ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या नेबिओलो या छपाईचे टाइप बनवणाऱ्या फाउंड्रीसाठी केला. त्यातला ‘ओ’ ना वर्तुळ, ना चौकोन. जुन्या टीव्हीच्या काचेसारखा फुगीर. मला आजही तो बघत बसावंसं वाटतं. त्याच्या आधीच्या ‘मायक्रोग्रामा’ फॉन्टमध्ये छोटी अक्षरं नव्हतीच, म्हणून तूही आधी कॅपिटल नीट बसव.

अशा फॉन्टचा वापर दोन-चार शब्दांपुरता, मोठ्या आकारात. अख्खा परिच्छेद लावलास तर ‘सी’, ‘जी’, ‘ओ’ एकमेकांत मिसळतात. पुढे त्याला जुळणारी देवनागरी अक्षरं करशील तेव्हा लॅटिनच्या ‘ओ’ला काना जोडून ‘व’ बनवू नकोस. ‘व’ची गाठ वेगळी वळते, ती कागदावर बोरूने काढून बघ.