मॅडम, प्रीफिक्स-सफिक्स पाठ होतात पण पेपरात उडतात

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी पाच जणांकडून ऐकलं. मी समुपदेशक, पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास बसते, त्यामुळे येणाऱ्यांतले निम्मे एमपीएससीवाले. झोप लागत नाही, घरून फोन आला की छातीत धडधडतं असं सांगत येतात आणि अर्ध्या तासाने गाडी इंग्रजीवर येते. इंग्रजीत पण ठराविक ठिकाणी, अन लावायचं का इन का डिस, आणि शेवटी नेस का इटी. म्हणून एकाचीच गोष्ट नीट सांगते. त्याला किरण म्हणू, नाव अर्थातच बदललंय.

किरण लातूरकडचा, वय सव्वीस, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, संयुक्त मुख्य परीक्षेचा दुसरा अटेम्प्ट. पहिल्या भेटीत त्याने बॅगेतून दोनशे पानी वही काढली. चार रंगांच्या पेनांनी लिहिलेली यादी, एकशे तीस उपसर्ग आणि त्याहून जास्त प्रत्यय, प्रत्येकासमोर मराठी अर्थ. अक्षर इतकं सुंदर की मला वाईटच वाटलं.

"किती वेळा पाठ केलीस?"

"सात रिव्हिजन झाल्या मॅडम. रूमवर विचारा, सगळं येतं. पेपरात चार ऑप्शन दिसले की चारही बरोबर वाटतात. मग काहीतरी गोल काळा करतो आणि निगेटिव्हमध्ये जातो. मला इंग्रजी जमणारच नाही. आमच्या बॅकग्राउंडच्या पोराला हे येतच नसतं."

दोन वाक्यांत दोन 'च'. मी कागदावर नुसते दोन च काढून ठेवले, पुढच्या दोन भेटींत ते अकरा झाले. जमायलाच पाहिजे, या वेळी निघालंच पाहिजे, नाही निघालं तर संपलंच.

तिसऱ्या भेटीत तो कागद त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, "किरण, तुला प्रत्यय लावता येत नाहीत असं कोण म्हणतं, तू तर प्रत्येक वाक्याला हा एक प्रत्यय लावतोस."

त्याने कागद बघितला आणि पहिल्यांदा ताठ बसला. "मॅडम, सॉरी हं, पण च हा प्रत्यय नाहीये. शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे. त्याने शब्दाचं सामान्यरूप होत नाही."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पंचवीस वर्षं या खुर्चीत बसल्यावर एवढं कळतं की माणूस समोरच्याची चूक काढायला लागला की तो बरा व्हायला लागलाय. मी चूक मान्य केली (खरंच माहीत नव्हतं) आणि विचारलं, मराठीत शब्दसिद्धीच्या प्रश्नांना किती मार्क पडतात? तो म्हणाला, "ते जात नाहीत कधी." एकाच पेपरात अर्ध्या भागात उपसर्ग-प्रत्यय कधी चुकत नाहीत आणि दुसऱ्या भागात जमणारच नाहीत, हे कसं काय, असं मी विचारलं. गप्प बसला. मी पण गप्प बसले, अशा वेळी आपण बोलायचं नसतं.

मग एक खेळ केला. म्हटलं, जबाबदारच्या आधी अ लाव. हसला, "अजबाबदार? कोणी म्हणत नाही." बरं, शक्यला बे लाव. "बेशक्य!" आता जोरात हसला. हजरला ना लावून बघ. "गैरहजर असतं मॅडम." ही यादी कधी पाठ केलीस? केलीच नव्हती, कान सांगतो. आणि कानामागचं कारणही त्याला माहीत होतं, अ हा संस्कृतातला, तो संस्कृत शब्दांना चिकटतो, आणि बे, ना, गैर हे फारसी-अरबीतून आलेले, त्यांचं गोत्र वेगळं. इंग्रजीत बरंचसं असंच आहे. अन हा त्यांचा घरचा जुना उपसर्ग, इन लॅटिनमधून आलेला आणि शक्यतो लॅटिन शब्दांनाच चिकटणारा. अन मात्र मोकळ्या स्वभावाचा, परक्यांतही मिसळतो, म्हणून अगदीच आठवत नसेल तर अनवर पैज लावायला हरकत नाही. आणि गंमत म्हणजे इंग्रजीचा अन, लॅटिनचा इन आणि आपल्या अनादर, अनावश्यकमधला अन् ही एकाच मुळाची भावंडं आहेत. हे ऐकून त्याचा चेहरा असा झाला जसं कोणी सांगितलं की तुझा चुलता परदेशात राहतो.

पण खरी कळ फिरली ती पुढे. मी त्याला म्हटलं, मोठ्याने 'संत' म्हण. मग 'संप' म्हण. ओठांकडे लक्ष दे. तीन-चारदा म्हणून बघितलं, बाहेर बसलेल्या बाईंना काय वाटलं असेल देव जाणे. संत म्हणताना ओठ उघडे, संप म्हणताना मिटतात. आता 'इन-पॉसिबल' म्हणून बघ, पटापट.

त्याने म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा आपोआप इम्पॉसिबल निघालं. तोंडावर हात ठेवून बसला. "मॅडम, हे तर परसवर्ण आहे. पुढचं अक्षर बघून अनुस्वाराचा उच्चार बदलतो, प-वर्ग आला की म. म्हणून इम्बॅलन्स. म्हणून इममॅच्युअर." मी काही बोलायच्या आत त्याने माझं पेन घेतलं आणि त्याच अकरा 'च'च्या कागदावर लिहिलं, उत् अधिक लास, उल्लास. "म्हणून इललीगल! ल आला की ल. इररेग्युलर पण तसंच." त्या वहीत इन, इम, इल, इर हे चार वेगळ्या रंगात चार वेगळे उपसर्ग होते. त्या क्षणी ते एक झाले.

यात मी शिकवलं काहीच नाही, मी इंग्रजीची शिक्षिका नाही. ज्या पोराला व्याकरणातला संधी येतो त्याला हे आधीच येत होतं, मधे फक्त 'येतच नसतं' बसलं होतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिस यांच्या पठडीतली, ते लपवत नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलं की प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो, आणि त्यांना स्वतःलाही शब्दांना शेपट्या जोडायची भारी हौस, ऑफुलला आइझ आणि इंग लावून त्यांनी 'ऑफुलायझिंग' वापरलं, म्हणजे साध्या अडचणीला भयंकर करून टाकणं. किरणला मी हाच शब्द सोडवायला दिला. तिन्ही तुकडे बरोबर पाडले.

आता ज्यांची हीच तक्रार आहे त्यांच्यासाठी, किरणने पुढे काय केलं ते सांगते. पहिलं म्हणजे यादी बारीक केली. १९८९ मध्ये अमेरिकेत शाळेच्या वाचनातले उपसर्गाचे शब्द मोजले होते, त्यात अन, री, इन (भावंडांसकट) आणि डिस या चारांतच ५८ टक्के शब्द बसले. एकशे तीसची यादी सात वेळा वाचण्यापेक्षा या चारांचे पन्नास शब्द वाक्यात वापरा.

स्पेलिंगची भीती असते ना, तिथे एक साधी गोष्ट, उपसर्ग आपली अक्षरं आणतो आणि शब्द आपली ठेवतो, कोणी काही सोडत नाही. डिस अधिक अपॉइंट, म्हणून डिसअपॉइंटमध्ये एस एकच. डिस अधिक सॅटिस्फाइड, म्हणून तिथे दोन. मिसस्पेलमध्ये दोन एस, अननेसेसरीत दोन एन. शेवटाकडे मात्र मोडतोड होते, हॅपीचा वाय जाऊन आय येतो आणि मग नेस लागतो, ब्यूटीफुलमध्ये शेवटी एकच एल. हे चार-पाच बदल हाताने लिहूनच बसतात, मोबाईलवर बघून नाही.

नेस म्हणजे आपला पणा समजा, साधा असो मोठा असो कोणालाही लागतो. इटी म्हणजे ता, जरा निवडक. मोठता कोणी म्हणत नाही, तसं पॉसिबलनेसही कानाला खटकतं, पॉसिबिलिटीच. आणि 'एलवाय दिसलं की क्रियाविशेषण' हे क्लासवाले सांगतात त्यावर डोळे झाकून जाऊ नका. एलवाय विशेषणाला लागला तर बहुतेकदा क्रियाविशेषण, पण फ्रेंडसारख्या नामाला लागला की फ्रेंडली, ते विशेषण.

फसवे पण असतात. किरणने एकदा हायवेवरच्या टँकरचा फोटो पाठवला, मागे लाल अक्षरात 'अत्यंत ज्वालाग्राही' आणि त्याखाली इंग्रजीत हायली इनफ्लेमेबल. खाली त्याचा मेसेज, "हा इन नकार नाही मॅडम. नाहीतर टँकरवर 'पेटत नाही' असं लिहिल्यासारखं होईल."

त्या वेळी परीक्षा निघाली का? नाही, थोडक्यात गेली, आणि ती सामान्य ज्ञानात गेली. इंग्रजीत बरेच मार्क वाढले. फोनवर म्हणाला, "वाईट वाटतंय, पुढच्या वेळी बघू." मी सवयीने च मोजले. एकही नव्हता.

अजूनही मेसेज येतात. परवा रात्री साडेअकराला आला, "मॅडम, अनएबल पण इनॅबिलिटी. अनजस्ट पण इनजस्टिस. अनइक्वल पण इनइक्वॅलिटी. विशेषणाला अन आणि नामाला इन, असं का?" मी लिहिलं, ही नामं इनसकटच फ्रेंच-लॅटिनमधून तयार आली, विशेषणांना अन इंग्रजांनी घरी लावला. दोन मिनिटांत उत्तर, "म्हणजे अनस्टेबल-इनस्टॅबिलिटी पण!" आणि पाठोपाठ तीन रंगांत लिहिलेल्या पानाचा फोटो. म्हटलं, झोप आता.