लस टोचली, मग जखमेत सीरम कशाला?

तुम्ही लिहिलंय की 18 किलोच्या मुलाच्या पोटरीला परवा भटकं कुत्रं चावलं, रक्त आलं, रेबीजच्या लसीचा पहिला डोस त्याच दिवशी झाला. जखमेतलं इंजेक्शन, म्हणजे रेबीजचं सीरम, मात्र 'लस घेतलीच आहे ना' म्हणून राहिलं. कृपया आजच त्याला सीरम द्यायला घेऊन जा. उद्यावर टाकू नका.

लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही. तिच्यातला मेलेला विषाणू ओळखून शरीराने स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं) तयार करायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तेवढ्या काळात जखमेतला जिवंत विषाणू स्नायूतून मज्जातंतूच्या टोकात शिरू शकतो. एकदा तो तंतूच्या आत गेला, की प्रतिकारशक्तीला तो जवळजवळ दिसत नाही. आतल्या आत मज्जारज्जू, तिथून मेंदू असा तो चढतो. याला बहुधा 1 ते 3 महिने लागतात. चेहऱ्यावर किंवा डोक्याला चावा असेल तर मेंदू जवळ, म्हणून वेळ कमी. लक्षणं सुरू झाल्यावर वाचवणारा उपचार नाही.

सीरम म्हणजे माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. ती जखमेतच, विषाणू तंतूत शिरायच्या आधी, त्याला निकामी करतात. म्हणूनच ते दंडात टोचून भागत नाही. प्रत्येक जखमेच्या आत आणि कडेने सोडावं लागतं. दुखतं, मूल रडतं, आणि नेमकं इथेच काम अर्धवट राहतं. मात्रा वजनावर: मानवी सीरम किलोमागे 20 एकक, घोड्याचं 40. तुमच्या मुलाला 360 किंवा 720 एकक. बाटल्यांच्या नेहमीच्या तीव्रतेनुसार दोन्ही 2.4 मिली भरतात. जखमा अनेक असतील तर सलाईन मिसळून वाढवतात, पण एकही जखम सोडत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेलं, एकाच प्रकारचं) प्रतिपिंडही मिळतं, त्याची मात्रा किलोमागे 3.33 एकक. घोड्याच्या सीरमने क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ते रुग्णालयातच घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबा. पहिल्या डोसला 7 दिवस उलटून गेले की सीरम देत नाहीत. तोवर शरीराची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात आणि बाहेरची त्यांच्या आड येतात.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुतली होती का? नसेल तर आत्ताही धुवा. रेबीजच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. हळद, तिखट, चुना, तेल यातलं काहीही लावू नका. त्याने जखम चिघळते आणि विषाणू तंतूंच्या आणखी जवळ ढकलला जातो. टाकेही शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर सीरमनंतर, सैलसर.

लसीचे दिवस पहिल्या डोसपासून मोजा, तो दिवस 0. स्नायूत असेल तर 0, 3, 7, 14, 28. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत देतात: दोन्ही दंडांत 0.1 मिली, 0, 3, 7, 28 या दिवशी. ढुंगणावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू होत नाही. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती काही आजी-आजोबांच्या मनात अजून आहे. ती जुनी, मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली.

कुत्रं सापडलं तर 10 दिवस नजर ठेवा, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.

लसीचं कार्ड जपून ठेवा. सगळे डोस पूर्ण झाल्यावर पुन्हा कधी चावलं तर 0 आणि 3 या दिवशी दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही, कारण शरीराने विषाणूची ओळख जपलेली असते. जखम धुणं मात्र तेव्हाही तेवढंच, 15 मिनिटं.