गेओर्ग मायर: कंप्रेसर होता म्हणून जिंकला का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. 1939 ची सिनियर टीटी (आइल ऑफ मॅन बेटावरची 500 सीसी मोटरसायकलींची शर्यत) जर्मन रायडर मायरने निव्वळ सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या, जोरावर मारली का, आणि एवढा मोठा रायडर असून विश्वविजेत्यांच्या यादीत त्याचं नाव का नाही.

आधी आकडे बघा. 1938 ला हॅरॉल्ड डॅनियलने साध्या, सुपरचार्जर नसलेल्या सिंगल सिलिंडर नॉर्टनवर आइल ऑफ मॅनचा एक लॅप ताशी 91.00 मैलांनी काढला. पुढच्या वर्षी कंप्रेसरवाल्या बीएमडब्ल्यूवर मायरचा सर्वात वेगवान लॅप 90.75 चा. म्हणजे लॅप रेकॉर्ड नॉर्टनकडेच राहिला. मायरने शर्यत जिंकली ती सातही लॅप जवळपास त्याच वेगाने काढून: सरासरी 89.38, डॅनियलची आदल्या वर्षीची 89.11. अर्थात 1939 ला नॉर्टनने कारखान्याचा अधिकृत संघ उतरवला नव्हता, हेही धरायला हवं. तरी फ्रेडी फ्रिथ नॉर्टनवर तिसरा आलाच. दुसरा मायरचाच सहकारी जॉक वेस्ट.

आता गाडी. 492 सीसीचं बॉक्सर इंजिन (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), त्याच्या पुढच्या तोंडाला बसवलेला झोलर कंप्रेसर. इनटेक, म्हणजे मिश्रण आत घ्यायचं तोंड, मात्र सिलिंडरच्या मागच्या बाजूला, त्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण लांबलचक पाइपांतून मागे जायचं. थ्रॉटल उघडला की ताकद जराशी उशिरा यायची. त्यात क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) गाडीच्या लांबीत, म्हणून थ्रॉटल उघड-बंद केला की गाडी आडवी हिसका द्यायची. सरळ रस्त्यावर हे चालून जातं. मॅनवर दोन्हीकडे दगडी भिंती आणि वळणामागून वळण, तिथे थ्रॉटल वळण संपायच्या आधीच अंदाजाने उघडावा लागतो. त्याच वर्षी सरावात बॅलाहच्या पुलावर याच संघाचा कार्ल गाल पडला आणि त्यात गेला.

1938 ची गोष्ट तर कुठल्याही मेकॅनिकला पटेल. रेसिंगचे 'थंड' प्लग इंजिन गार असताना लगेच काळे पडतात, म्हणून आधी 'गरम' प्लग लावून इंजिन तापवायचं आणि स्टार्टच्या आधी बदलायचे. त्या बदलाबदलीत हेडमधले प्लगचे आटे गेले. ॲल्युमिनियमचं हेड तापलेलं, घाई, आणि प्लग जरा तिरका लागला की हेच होतं. मायरची त्या वर्षीची टीटी सुरू होता होताच संपली. तरीही त्या मोसमात 500 सीसीचा युरोपियन विजेता मायरच. बव्हेरियन पोलिसांतला हा गडी तोवर मुख्यतः खडबडीत रस्त्यांवरच्या सहनशक्तीच्या शर्यतींत चालवत होता, रोड रेसिंगचा त्याचा तो पहिला पूर्ण मोसम. माझ्या मते त्याची खरी कमाई टीटी नाही, ही आहे.

विश्वविजेतेपद नाही, कारण ते सुरूच झालं 1949 ला. त्याआधी युरोपियन अजिंक्यपद हाच सर्वोच्च किताब. 1939 ला मायर आघाडीवर होता, पण स्वीडनमध्ये साक्सटॉर्पला पडून पाठ दुखावली आणि किताब गिलेराच्या दोरिनो सेराफिनीकडे गेला. मग युद्ध. 1946 पासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली, आणि जर्मन रायडरना 1951 पर्यंत विश्वअजिंक्यपदाचे दरवाजे बंदच. जर्मनीतल्या घरच्या शर्यतींत मात्र कंप्रेसर चालायचा. तिथे मायर जुनीच गाडी काढून जिंकत राहिला आणि 1949 ला जर्मनीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दरवाजे उघडले तेव्हा तो चाळिशीत होता.