बाटलीतला कापूस

"मी 31 वर्षांची, रोजंदारीवर काम करते. चार वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीनदा गोळी राहून जाते, घ्यावीशीच वाटत नाही. गोळ्या आणायला दर महिन्याला खोटं सांगून सुट्टी घेते, रोज बुडतो. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, 'मागचा रिपोर्ट तर चांगलाय.' मी आळशी झालेय का?"
– नाव नको

नाही हो, आळशी नाही. बाटली खुळखुळू नये म्हणून तुम्ही तिच्यात कापूस कोंबता, लेबल नखाने खरवडता, खोलीतल्या सगळ्या झोपल्या की अंधारात गोळी गिळता, असं पत्रात पुढे लिहिलंय. चार वर्षं हे करून तुम्ही दमलात.

पण आधी ते जाग न येण्याचं. जीव द्यायचा विचार मनात घोळत असेल, तर तारखेची वाट बघू नका. आजच दवाखाना गाठा, तोवर एकट्या राहू नका.

तसं नसेल, तरी हे अंगावर काढायचं दुखणं नाही. एचआयव्ही असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. त्यात गोळ्या चुकतात, विषाणू वाढतो, कधी औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून मनाचा इलाज हा एचआयव्हीच्या इलाजाचाच भाग आहे. डॉक्टरांनी कागद पाहून तुम्हाला परत पाठवायला नको होतं.

याच आठवड्यात जा आणि किती गोळ्या चुकल्या तो आकडा सांगा. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, ते पुन्हा तपासून घ्या. गोळीत एफाव्हिरेन्झ नावाचं औषध आहे का, हेही विचारा. त्याने काहींना उदास वाटतं, भलतीसलती स्वप्नं पडतात. असलं तरी स्वतःहून बंद करू नका, बदलून मागा. नैराश्यावरची औषधं या गोळ्यांसोबत घेता येतात, फक्त काय काय चालू आहे ते एचआयव्हीच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना ठाऊक हवं.

आता सुट्टीचं. तब्येत स्थिर असलेल्यांना 3 ते 6 महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. व्हायरल लोड आटोक्यात असला की त्या हक्काने मागा. पगारी रजा असलेल्याला महिन्याची फेरी जड जात नाही. तुमचा मात्र दिवसाचा रोज जातो, आणि गोळी चुकली की बोल तुम्हालाच. याचा मला फार राग येतो.

'मी कुणाला जवळ करू का?' असंही विचारलंय. करा की! ज्यांच्यातल्या एकालाच एचआयव्ही होता आणि तो औषधाने दबलेला होता, अशा शेकडो जोडप्यांवर 'पार्टनर' नावाचे दोन अभ्यास झाले. निष्कर्ष 2016 आणि 2019 मध्ये आले. कंडोमशिवाय संबंध येऊनही त्या माणसांकडून जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. तुमच्या गोळ्या चुकल्यात, म्हणून नवा रिपोर्ट चांगला येईपर्यंत कंडोम वापरा.

आज रात्रीची गोळी घ्या. राहिलेल्या भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. आणि दवाखान्यात काय म्हणाले ते मला कळवा, मी वाट बघतेय.