मॅडम, ग्राउंडला सगळीच घेतात

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आया दर उन्हाळ्यात माझ्याकडे सल्ल्याला येतात आणि प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो. पोरगं जिमला जायला लागल्यापासून बदललंय, काहीतरी घेतंय असं वाटतंय, विचारू की नको, आणि विचारलं तर डोक्यात राख घालून घर सोडून जाईल का. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एक केस लिहून टाकते. घरच्यांना विचारलंय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ही आई विड्या वळणारी. आली ती पिशवीतून एक स्टीलचा छोटा डबा काढून टेबलावर ठेवला. "ह्यात मी त्याला शेंगाचटणी घालून द्यायचे ओ मॅडम, ग्राउंडवरनं आल्यावर भाकरीबरोबर खाईल म्हणून." उघडला तर आत कापसात गुंडाळलेली काचेची बाटली, रबरी टोपणाची, आणि दोन सिरिंज. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं पण नीट निघालं नव्हतं, अर्धी अक्षरं दिसत होती. डब्याला अजून चटणीचा वास होता. "लई चिडालंय, रात्रभर जागालंय, ताट पुढं ठेवलं की सारालंय. माझी भाकरी कमी पडली का ओ?"

सोबत एक पावडरचा डबाही आणला होता, ही पण त्यातलीच का म्हणून. नाही, ते व्हे प्रोटीन होतं, पनीर-चीज करताना जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन, म्हणजे शेवटी दुधाचंच. क्रिएटिन म्हणून जिमची पोरं दुसरी एक पावडर घेतात, तिचंही तसंच, ते स्टेरॉइड नाही. फक्त सुट्टं, बिनसीलचं, "सर देतात" असलं घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते देवालाच माहीत. बऱ्याच घरांत भांडण या पावडरवरून पेटतं आणि खरी गोष्ट बाजूलाच राहते.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी पोराला बोलावलं, बाटली समोर ठेवली आणि सुरू झाले, किडनी, हार्ट, आईचे कष्ट, सगळं. तो वर पंख्याकडे बघत "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिला आणि नंतर तीन आठवडे फिरकलाच नाही. इतकी वर्षं हे काम करून मी हे केलं, तेव्हा घरी आईबापांकडून होतं त्यात नवल काही नाही.

परत आला तो स्वतःहून, हाताच्या मागच्या बाजूला सलाईनची चिकटपट्टी काढल्याची खूण होती. मधल्या काळात काय झालं होतं ते त्यानंच सांगितलं. सकाळी तो दुधाच्या गाडीवर जातो, म्हणून प्रॅक्टिस दुपारी चारला, आणि आपल्याकडचा एप्रिलचा चारचा टाइम म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको, पारा बेचाळीसच्या पुढं आणि मैदानातली मातीसुद्धा खालून भाजते. इंजेक्शन घेऊन तो राउंडवर राउंड मारत राहिला. "मॅडम, त्या दिवशी तहानच लागली नाही," हे वाक्य तो दोनदा म्हणाला. मग पोटऱ्यांत गोळे आले, बोलणं बरळायला लागलं, पोरांनी सावलीत ओढून अंगावर पाणी ओतलं (हे त्यांनी बरोबर केलं, डोकं चालेनासं झालं की आधी अंग गार करायचं, दवाखाना त्याबरोबरच). दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी काळ्या चहासारखी. तेव्हा सिव्हिलला नेलं. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं प्रोटीन किडनीत अडकायला लागलं होतं, तीन दिवस सलाईन लावून वाचलं.

यावेळी मी बाटली काढलीच नाही. एवढंच विचारलं, 1600 ला किती येतंय तुझं?

"5:32."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भरतीत मैदानी चाचणी 50 मार्कांची आणि त्यातले 20 एकट्या 1600 मीटरचे, पूर्ण मार्क हवे तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यायला लागतं. म्हणजे 22 सेकंद. वय चाललंय, दोन भरत्या हुकल्यात, आई विड्या वळून शूज घेऊन देते आणि मधे हे 22 सेकंद उभे आहेत. मी व्यसनावर बोलत होते आणि पोरगं घड्याळाला घाबरलं होतं, आमची गाडी चुकीच्या रुळावरच होती.

मग तो ते नेहमीचं बोलला, "मॅडम, ग्राउंडला सगळीच घेतात. मी नाही घेतलं तर मागंच राहतो की."

म्हटलं सगळी म्हणजे किती, नावं सांगू नको, नुसती बोटं मोड. त्यानं एक मोडलं, दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. चौथं अर्धंच वाकवलं आणि थांबला, "ह्याचं ऐकलंय फक्त." म्हटलं रोज मैदानात असतात किती? "पन्नास-साठ तरी." ते अर्धं वाकलेलं बोट तो बराच वेळ तसंच धरून बसला होता.

बाटलीत होतं मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी खाली गेलं तर वर आणायचं औषध, डॉक्टरांच्या हातातलं. अँफेटामाइन या मेंदूला चेतवणाऱ्या औषधाच्या घराण्यातलं आहे, खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था आहे, वाडा (WADA), तिच्या बंदी यादीत आहे. ते ताकद देत नाही, दमल्याची खबर मेंदूपर्यंत पोचू देत नाही. त्यात बीपी आणि ठोके वाढलेले, घामावाटे पाणी-मीठ चाललेलं, आणि थांब म्हणणारा आतला माणूसच गप्प बसवलेला. मी त्याला टॉम सिम्पसनची गोष्ट सांगितली, ब्रिटिश सायकलपटू, 13 जुलै 1967, टूर द फ्रान्समधला माँ वाँतूचा चढ, रणरणतं ऊन. पडला, परत सायकलवर बसला, परत पडला आणि गेला. अंगात अँफेटामाइन आणि दारू सापडली. पोरानं तिथंच मोबाईलवर त्याचा फोटो शोधून बघितला आणि म्हणाला, "ह्यालापण तहान लागली नसंल."

स्टेरॉइडचं त्याला एका जिममधल्या "सरां"नी सुचवलं होतं पण घेतलं नव्हतं. तरी आयांना सांगून ठेवते कारण पोरं हे लाजेनं बोलत नाहीत. हे स्टेरॉइड म्हणजे पुरुषी हार्मोनच, ते बाहेरून आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, गोट्या लहान होतात, स्पर्म काउंट पडतो, मुलांना छाती यायला लागते, पाठीवर पुरळ, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, गोळ्यांनी लिव्हरला त्रास. आणि एकदम बंद केलं की मन जे बसतं ते महिनोन्महिने. म्हणून बाटली सापडली तर रागानं मोरीत ओतू नका, तीच बाटली घेऊन डॉक्टरकडे जा, म्हणजे नक्की काय घेतलंय ते तरी कळेल. हे काम डॉक्टरचं, माझं नाही.

आमच्या पोराचंही इंजेक्शन सुटल्यावर दहा-बारा दिवस वाईट गेले, दिवसभर झोप, कशातच मन नाही, एकदा म्हणाला जगून तरी काय करायचं. ते मी हलकं घेतलं नाही, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं आणि रात्री एकटं वाटलं तर 14416 लाव, टेलिमानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, हे त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घेतलं. आईला एकच काम दिलं, महिनाभर भरतीचं नाव काढायचं नाही. तिला ते सगळ्यात अवघड गेलं.

डॉक्टरांनी पळायला परवानगी दिल्यावर दुधाच्या मालकाशी बोलून त्यानं सकाळची लाईन अर्धी सोडली आणि पहाटे मैदानात जायला लागला. मी त्याला एक वही दिली. पळायच्या आधीचं वजन, नंतरचं वजन. एक किलो उतरलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं, ते पुढच्या दोन-चार तासांत थोडं थोडं आणि थोडं जास्तच भरून काढायचं. पहिल्याच दिवशी 1 किलो 400 ग्रॅम उतरलं, त्याला वाटलं चरबी गेली! नुसतं साधं पाणी ढोसूनही चालत नाही, घामातून मीठ जातं आणि वरून पाणीच पाणी झालं की रक्तातलं सोडियम पडतं, तेही जिवावर येतं. लांब प्रॅक्टिसला ओआरएस, नाहीतर घरी लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लिंबू पिळा हवं तर. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की बरोबर चाललंय. नवीन उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, पहिल्या दिवशीच हिरोगिरी नको.

परवा आला होता. 5:24 झालंय. अजून 14 सेकंद आहेत आणि ती निघतील का ते मला सांगता येत नाही, त्यालाही नाही. वही दाखवली, घामाचे डाग पडलेली, आकडे वाकडेतिकडे. आईनं तोच डबा पाठवला होता, घासून लख्ख केलेला, चटणीनं भरलेला. जाताना दारात घुटमळला.

"मॅडम, ते चौथं बोट आहे ना, अर्धं मोडलेलं."

"हं?"

"खरं होतं ते. बुधवारी घेऊन येऊ का त्याला? फक्त पहिल्या दिवशी लेक्चर देऊ नका."