वाचकांचे प्रश्न : निराशेच्या चित्रपटांत आशा कुठे पाहावी?

प्रश्न : मी सांगलीच्या गावभागात राहते. आमच्या वाचक-मंडळातील आम्ही काही जणी अधूनमधून एकत्र बसून चित्रपट पाहतो. नुकताच 'चिल्ड्रन ऑफ मेन' पाहिला आणि आमच्यात दोन तट पडले. शेवटी जहाज येते म्हणून काहींना तो आशादायक वाटला. मला मात्र नायक मरतो आणि जग आहे तसेच राहते, एवढेच दिसले. महापूर अनुभवलेल्या आम्ही मुद्दाम असले चित्रपट का पाहावेत? आणि त्यांतली आशा नेमकी कुठे पाहायची?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या दोन्ही तटांनी चित्रपटाचा शेवट तेवढा तपासला, असे पत्रावरून दिसते. माझ्या मते अशा चित्रपटांतली आशा पात्रांच्या वागण्यात असते, आणि यशाची कसलीही हमी नसताना माणूस काय करतो याकडे लक्ष दिले तरच ती दिसते. ही हमी काढून घेणे, हेच तिथे निराशेचे काम.

अल्फोन्सो क्वारोन यांच्या 2006 मधील या चित्रपटात 2027 सालचे इंग्लंड आहे आणि 18 वर्षे जगात कुठेही मूल जन्मलेले नाही. बेक्सहिलच्या निर्वासित छावणीतील चकमक आठवून पाहा. गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारतीत बाळाचे रडणे ऐकू येते, नायक थिओ हा 'की' नावाच्या तरुणीला आणि तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन जिना उतरू लागतो, लोक हात पुढे करतात, सैनिक बंदुका खाली घेतात, कोणी गुडघे टेकते. आणि ती तिघे पुढे जातात न जातात तोच पुन्हा गोळीबार सुरू होतो. क्वारोन युद्ध थांबवत नाहीत, म्हणूनच त्या घटकाभराच्या शांततेवर आपला विश्वास बसतो.

याहूनही मोलाची जागा मला शेवटी, जहाजाची वाट पाहणाऱ्या त्यांच्या होडीत सापडते. थिओला गोळी लागलेली आहे, तो फार काळ जगणार नाही, आणि अशा वेळी तो कीला बाळाची ढेकर कशी काढायची ते शिकवतो. त्याला हे येते, कारण त्यालाही एक मुलगा होता आणि तो फ्लूच्या साथीत गेला. ज्या दुःखाने या माणसाचे मन जगातून उडाले होते, त्याच दुःखासोबत बापपणाची ही एवढीशी जाण त्याच्यापाशी उरली होती, आणि ती दुसऱ्याच्या लेकराच्या कामी आली. जहाज आले नसते तरी त्या शिकवण्याचे मोल कमी झाले नसते.

महापुराचा उल्लेख आपणच केला आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली होती. पाणी कधी ओसरेल हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते, तरीही आजूबाजूच्या गावांतून भाकरी-चटणी येत राहिली. ज्यांनी हे पाहिले, त्यांना थिओ समजायला मुळीच जड जाऊ नये.

उलट, आशा बाहेरून चिकटवली की चित्रपट फसतो. रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' 1982 मध्ये आला, तेव्हा चाचणी-खेळांतील प्रेक्षकांची नाराजी पाहून त्याला नायकाच्या आवाजातील निवेदन आणि हिरव्यागार प्रदेशातून जाणाऱ्या प्रेमिकांचा सुखान्त जोडण्यात आला होता. 1992 च्या आवृत्तीत हे दोन्ही काढले गेले आणि चित्रपट लिफ्टचे दार बंद होते तिथे संपू लागला. त्या दोघांचे पुढे काय होणार हे आता कळत नाही, आणि तरीही ती दोघे निघतात; मला हा शेवट कितीतरी अधिक धीराचा वाटतो.

मात्र प्रत्येक चित्रपटात आशा असलीच पाहिजे, असा आग्रह धरू नये. बीबीसीच्या 1984 मधील 'थ्रेड्स'मध्ये शेफील्ड शहरावर आणि तिथल्या साध्या कुटुंबांवर अणुयुद्धाने काय ओढवते ते दाखवले आहे, आणि त्यात प्रेक्षकाला टेकायला कुठेच जागा ठेवलेली नाही. ही निराशा मला प्रामाणिक वाटते, कारण जे घडू शकते ते सौम्य करून सांगितले, तर इशाऱ्याला अर्थच उरत नाही.

आपल्या मंडळात 'थ्रेड्स' इतक्यात लावू नये, आणि पुरात ज्यांचे घर गेले त्यांना आधी विचारल्याखेरीज तर मुळीच नाही. 'ब्लेड रनर'ची नंतरची आवृत्ती जरूर पाहावी, आणि त्या दिवशी चर्चेसाठी तासभर हाताशी ठेवावा.